सूर उतरतो तेव्हा

कराडलगतच्या मलकापुरात १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मनोविकार म्हटला की येरवड्याचेच नाव निघावे, हा काळ आता मागे पडत आहे. औषध घेऊन शाळेत शिकविणारे वा कचेरीत काम करणारे लोक आपल्याभोवती असतात. परंतु औषध घेण्याचा संकोच कमी झाला, तरी त्याच्या परिणामांविषयी बोलण्याचा संकोच मात्र कायम आहे.

अपस्मारावर, तसेच कधी उन्माद तर कधी विषण्णता आणणाऱ्या विकारावर कार्बामाझेपिन हे औषध देतात. ते घेणाऱ्या काही व्यक्तींना प्रत्येक स्वर सुमारे अर्ध्या स्वराने उतरलेला ऐकू येतो. पेटीची काळी दोन दाबावी आणि कानाला पांढरी दोन लागावी, असा हा प्रकार आहे. अशा अनेक नोंदी जपानमधून प्रसिद्ध झाल्या. ज्यांचे स्वरज्ञान पक्के, त्यांच्याच हे चटकन ध्यानी येते. इतरांना पेटीच बिघडल्यासारखी वाटेल. औषध थांबविल्यावर कान बहुधा पूर्ववत होतो.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. मनोविकाराच्या काही औषधांनी अंगाला येणारा ताठरपणा व कंप कमी व्हावा म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल देतात. त्याने जवळची अक्षरे पुसट दिसू शकतात. वृद्धांना क्वचित नसलेली माणसेही दिसतात. येथेच खरा धोका आहे. ज्याला आधीच भास होत होते, तो नव्या भासाविषयी बोलण्यास भितो; आणि बोललाच, तर घरचे ‘दुखणे वाढले’ असे समजतात. औषधाचा दोष अशा रीतीने रुग्णाच्या माथी बसतो.

यावर उपाय गोळ्या परस्पर बंद करणे हा नव्हे. काही औषधे एकाएकी सोडल्यास डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते, शिवाय मूळ विकारही उलटू शकतो. काय दिसले, काय ऐकू आले, कोणत्या दिवसापासून, हे वहीत टिपून डॉक्टरांना सांगणे हाच मार्ग होय. मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम, आणि तेही समजेल अशा भाषेत, जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तो हक्क मराठीतून वापरला गेला पाहिजे. डॉक्टरांनी न विचारता सांगावे, रुग्णाने न लाजता विचारावे. आणि घरच्यांनी त्याचे म्हणणे भ्रम ठरविण्यापूर्वी गोळीच्या वेष्टनाकडे एकदा पाहावे.