१५४०चा हिशेब

दोन महिन्यांची गरोदर बाई टेबलावर झोपलेली. बेंबीखाली गार जेली. सोनोग्राफीचा प्रोब पोटाच्या अगदी मध्यावर आडवा टेकवला, की कधी कधी पडद्यावर शेजारी शेजारी दोन पिशव्या दिसतात. जुळं? अनुभवी डॉक्टर लगेच तोंड उघडत नाहीत. प्रोब दोन बोटं बाजूला सरकवतात आणि दुसरी पिशवी नाहीशी होते. गर्भ एकच असतो. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना उभे स्नायू असतात. त्यांच्या कडांशी आणि मधल्या चरबीत ध्वनिलहरी भिंगातून जाव्यात तशा वाकतात, म्हणून एकाची दोन चित्रं उमटतात.

ही चूक निदान पकडता तरी येते. रोजची चूक याहून बारीक असते आणि ती नुसता धूसरपणा होऊन पडद्यावर पसरते.

सोनोग्राफीच्या यंत्राला अंतर दिसत नाही, फक्त वेळ कळतो. आवाज गेला, आपटून परत आला. एक सेंटीमीटर खोलीला जाऊन-येऊन सुमारे १३ मायक्रोसेकंद. वेळेवरून अंतर काढायला वेग लागतो आणि तो बहुतेक यंत्रांत सगळ्या शरीरांसाठी एकच धरलेला असतो : सेकंदाला १५४० मीटर. सरासरी म्हणून आकडा चांगला आहे. पण चरबीत आवाज साधारण १४५०ने चालतो, यकृतात आणि स्नायूत १५७०-८०च्या आसपास.

प्रोबमध्ये शंभर-दोनशे चिमुकले घटक ओळीने बसवलेले असतात. हव्या त्या बिंदूवर सगळ्यांच्या लहरी एकदम पोचाव्यात म्हणून कुणाला आधी सोडायचं, कुणाला नंतर, हे यंत्र ठरवतं. लेझीमच्या पथकासारखंच आहे हे. ठेका एक असला तर आवाज खणखणीत, दहा जण मागे पडले की नुसता खुळखुळाट. समजा, एका घटकाखाली चरबी शेजारच्यापेक्षा फक्त ३ मिलिमीटर जास्त आहे. तेवढ्याने त्याची लहर ०.१२ मायक्रोसेकंद मागे पडते. ३.५ मेगाहर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन ०.२९ मायक्रोसेकंदांचं. म्हणजे एकाचा चढ जवळपास दुसऱ्याच्या उतारावर येऊन पडला. जोर वाढायचा तिथे एकमेकांना मारूनच टाकतात.

हेच दुखणं खगोलशास्त्रज्ञांचं. हलत्या हवेतून येताना ताऱ्याचा प्रकाश असाच विस्कटतो. १९५३मध्ये होरेस बॅबकॉक यांनी सुचवलं, की विस्कट आधी मोजावी आणि दुर्बिणीतच तिची उलटी भरपाई करावी. सुरुवातीला पालोमारच्या दुर्बिणीवर बसवलेली ‘रोबो-एओ’ ही अशीच एक यंत्रणा पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकच्या बरोबरीने घडवली. लेझरचा कृत्रिम तारा आकाशात उभा करून ती हवेची लहर मोजायची.

पोटात मात्र तारा नसतो. यकृतातून येतो तो असंख्य बारीक प्रतिध्वनींचा दाणेदार कल्लोळ. फ्लॅक्स आणि ओडोनेल यांनी १९८८मध्ये या कल्लोळातूनच वाट काढली. शेजारच्या दोन घटकांनी ऐकलेले प्रतिध्वनी एकमेकांवर ठेवून पाहायचे, किती सरकवले की जुळतात ते मोजायचं आणि तेवढा वेळ दुरुस्त करायचा. मला ही कल्पना फार देखणी वाटते. दुखण्याची खूण दुखण्याच्याच आवाजात सापडली. पुढच्याच वर्षी नॉक, ट्रेही आणि स्मिथ यांनी दुसरा निकष मांडला : ठेका जुळत गेला की ते दाणे उजळतात, म्हणून उजळेपर्यंत वेळा बदलत राहायच्या.

तरी हे लगेच दवाखान्यात आलं नाही. प्रोब जरा हलला की चरबीचे थर बदलतात. भरपाई दर क्षणी, पडद्याच्या दर कोपऱ्यासाठी नव्याने काढावी लागते. तेवढं गणित करायची ताकद यंत्रांत अलीकडे आली. कवटीचं काम वेगळं, कारण हाड हलत नाही. कवटीतून ध्वनिलहरी मेंदूत पाठवून हाताचा कंप घालवण्याच्या उपचारात आधी सीटी स्कॅनवरून हाडाची जाडी आणि घनता मोजतात, मग शिरस्त्राणातल्या १०२४ घटकांना प्रत्येकाची वेळ आखून देतात. अमेरिकेत या उपचाराला २०१६मध्ये मान्यता मिळाली.

पोटाच्या रिपोर्टात मात्र अजून ‘चरबीमुळे तपासणीला मर्यादा’ असं वाक्य येतं आणि ते वाचून बाई ओशाळतात. ओशाळायचं त्यांनी का? १४५०च्या वाटेवर १५४०चा हिशेब लावला यंत्राने. काही यंत्रांवर स्तनाच्या तपासणीसाठी हा वेग कमी करायची सोय असते. ती पोटासाठीही सर्रास मिळायला हवी.

तोवर दुरुस्ती डॉक्टरांच्या हातात. चरबीचा थर पातळ मिळेल अशी फासळ्यांमधली फट ते बोटाने चाचपतात, प्रोब तिरका धरतात. “मावशी, डाव्या कुशीवर वळा. मोठा श्वास घ्या... धरून ठेवा.” यकृत खाली सरकतं, कड स्पष्ट होते. “हं, सोडा.”