गाडीतला संसार : पाणी, वीज आणि धाकटी डहाणूची भरती

तुमच्याकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, नवरा-बायको महिनोन्महिने कॅरॅव्हॅनमध्ये राहता, तर दिवसभर करता तरी काय? खरं उत्तर सांगू? हिशेब. आमची गाडी सध्या धाकटी डहाणूला उभी आहे, तेव्हा इथल्याच दिवसाचा हिशेब आज उलगडून सांगते.

सुरुवात पाण्यापासून. आमची टाकी 200 लिटरची. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे भरली टाकी 200 किलोची. टाकी मोठी केली की डिझेल जास्त जाळायचं, म्हणून वापरच कमी ठेवायचा. पिण्याला नि स्वयंपाकाला 10 लिटर, भांड्यांना 8, दोघांच्या आंघोळी मिळून 20 आणि बाकी किरकोळ 2. झाले 40, म्हणजे टाकी पाच दिवस पुरते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटरचं प्रमाण धरलंय, ते दोघांचे 110 होतात. आम्ही त्याच्या निम्म्याहूनही कमी पाण्यात भागवतो. कपडे या हिशेबात नाहीत. ते आठवड्यातून एकदा, जिथे पाणी भरायची परवानगी मिळते तिथेच धुतो.

आता वीज. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट घेतो. पंखा दहा तास चालला तर पाव युनिट, लॅपटॉप-मोबाइलला पाव, दिवे नि पाण्याचा पंप किरकोळ. सगळे मिळून एक-सव्वा युनिट. टपावर 400 वॅटचं सोलर आहे, चांगल्या उन्हात त्यातून दीड युनिटच्या आसपास मिळतं. लिथियम बॅटरी 200 अँपिअर-अवरची, तिच्यात अडीच युनिट मावतात. म्हणजे ऊन नसेल तरी दोन दिवस निभतात. एसी का नाही, हेही यातच आलं. छोटा एसी रात्रभर चालवला तर सहा-आठ युनिट लागतील. म्हणून मे महिन्यात आम्ही खिडक्या उघड्या ठेवून, मच्छरदाणी लावून, खाडीवरच्या वाऱ्याच्या भरवशावर झोपतो.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, पण संसार तिच्यावर टिकतो. शौचालयाची टाकी. आमची सुटी काढता येते, वीसेक लिटरची, दोघांना जेमतेम तीन दिवस पुरते. ती गटारात किंवा खाडीत ओतायची नाही म्हणजे नाही. या खाडीत आणि किनाऱ्यावर लोकांचं पोट आहे, तिवरांत माशांची पिल्लं वाढतात. सेप्टिक टँक असलेल्या शौचालयात, मालकाला विचारूनच रिकामी करायची. फॉर्मल्डिहाइडचं औषध तिच्यात टाकलं तर सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मरतात, म्हणून तेही टाळायचं. हे काम कोणाचं? आमच्याकडे सरळ पाळी आहे. एकदा तो, एकदा मी. ‘ज्याला जमेल त्याने करावं’ म्हटलं की ते एकाच्याच गळ्यात पडतं.

जागेचंही तसंच. मधल्या वाटेत एका वेळी एकच माणूस उभं राहू शकतं. एकजण पोळ्या लाटत असेल तर दुसऱ्याने बसायचं. रुसून जायला दुसरी खोली नाही. म्हणून संध्याकाळचा एक तास दोघांनी वेगवेगळं चालायला जायचं, हे ठरलेलं आहे. भांडण झालेलं असो वा नसो.

आता गाडी लावायची कुठे? ओल्या वाळूवर नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा खूप वर येतं. आज कोरडी दिसलेली जागा परवा पाण्याखाली असते. होड्याही भरतीच्या हिशेबाने निघतात, त्यामुळे आज पहाटे चारला आलेला इंजिनांचा आवाज चार दिवसांनी सातच्या पुढे येतो. आणि किनाऱ्याजवळचं मोकळं दिसणारं मैदान बहुतेक वेळा मोकळं नसतंच. ते कोणाचं तरी बोंबील नि सोडे वाळवायचं खळं असतं, तिथे गाडी फिरवली की धूळ थेट त्यांच्या मालावर बसते. म्हणून आधी विचारायचं, मग हँडब्रेक ओढायचा.

खाऱ्या हवेचं आणखी एक. गाडीच्या खालच्या पत्र्याला इथे गंज लवकर धरतो, म्हणून अधूनमधून गोड्या पाण्याने खालची बाजू धुवावी लागते. ते पाणी धाकटी डहाणूच्या नळाचं असेल, तर गावाकडे ते किती आहे हे पाहूनच मागायचं. उन्हाळ्यात आम्ही हे काम हायवेवरच्या वॉशिंग सेंटरवर उरकतो.

कायद्याचं थोडक्यात. व्हॅनमध्ये ओटा-पलंग ठोकला की कॅरॅव्हॅन झाली, असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, नोंदणीत तशी मंजुरी लागते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण लहान गावांत अजून तरी आधार लागतो तो ग्रामपंचायतीचा नि जागेच्या मालकाचाच.

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. जोडप्याने घर बरोबर घेऊन हिंडणं या भागात नवीन नाही. डहाणू-तलासरीतली कितीतरी आदिवासी जोडपी भातकापणी उरकली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथेच झोपडी घालतात आणि पावसाआधी परततात. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तर ‘एक कोयता’ म्हणूनच मोजतात. पाणी मोजून वापरणं, चूल मांडणं नि मोडणं हे सगळं त्यांनाही करावं लागतं. फरक एवढाच, की आम्ही कंटाळलो तर घरी जाऊ शकतो. म्हणून ‘कमी गोष्टींत किती सुख’ असं कोणी कौतुक केलं की मी जरा सावरून बोलते. आमचं कमी हे आम्ही निवडलेलं आहे.

1 जूनपासून मासेमारी बंदी लागते, 31 जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. आम्हीही तेव्हा गाडी आत, पक्क्या जागेवर नेतो. तुम्ही पावसाळ्यात निघायचं ठरवत असाल तर आधी टपावरचे सोलरचे सांधे तपासा. पाणी पहिलं तिथूनच शिरतं.