वरच्या कोर्टाचा पत्ता

अकोल्यात निकाल विरुद्ध गेला की वकील पहिलं वाक्य बोलतो, 'वर जाऊ.' पक्षकार नकला मेणकापडाच्या पिशवीत घालून नागपूरची गाडी धरतो. हे 'वर' वऱ्हाडात नाही.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं, तेव्हा 'वर' म्हणजे हैदराबादचा रेसिडेंट. खाली डेप्युटी कमिशनर सारा वसूल करी आणि खटलेही चालवी. ज्याच्यावर तक्रार, त्याच्याच पुढे फिर्याद! 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून सालिना 25 लाखांवर वऱ्हाडचा कायमचा मक्ता घेतला. पुढच्याच साली कारभार मध्य प्रांताला जोडला आणि 'वर' नागपूरला गेलं. कागदोपत्री मुलूख मात्र निजामाचाच. म्हणून प्रांताच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडाने निवडून दिलेल्या माणसाचीसुद्धा सरकारने रीतसर 'नेमणूक' करायची. मतं आपली, सही साहेबाची.

गावाच्या हाती काय होतं? नगरपालिका. ती वकिलांनी धरली. दादासाहेब खापर्डे आधी सरकारी नोकरीत मुन्सफ होते. 1890 मध्ये नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली मांडली आणि सुमारे सोळा वर्षं नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं. सकाळी नळ-नालीच्या तक्रारी, दुपारी कोर्टात युक्तिवाद, असाच या मंडळींचा दिवस असणार. र. न. मुधोळकरही अमरावतीचेच वकील, 1912 च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. न्याय आणि अंमल वेगळे करा, ही काँग्रेसची जुनी मागणी. कोर्ट गावाच्या ताब्यात द्या असं कोणी म्हणत नव्हतं. साहेबाच्या ताब्यातून काढा, एवढंच. माझ्या मते ते शहाणपणाचं होतं.

कारण गावाकडे न्याय देऊन पाहिला तो पुढे, 1946 च्या पंचायत कायद्याने. न्यायपंचायतीत किरकोळ दावे पंचांपुढे यायचे. पण पंच हाच धुऱ्याचा शेजारी, नाहीतर भाऊबंद. मग निकालावर विश्वास कोण ठेवणार? 1975 मध्ये महाराष्ट्राने न्यायपंचायती मोडीत काढल्या, आणि फार कोणी हळहळलं नाही.

'वर' मात्र नागपूरलाच राहिलं. तिथे 1936 मध्ये हायकोर्ट झालं. 1956 मध्ये ते गेलं आणि मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. त्याचा शब्द संयुक्त महाराष्ट्रासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारात घेतलेला होता. पाटी बदलली, पक्षकाराची गाडी तीच राहिली.

आणि गावाच्या हातातली नगरपालिका? अमरावतीला 1983 मध्ये महानगरपालिका झाली, अकोल्याला 2001 मध्ये. मार्च 2022 मध्ये दोन्हींची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. चार महिन्यांत त्या घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 6 मे 2025 रोजी. तोवर तीन वर्षं, तुंबलेल्या नालीचा अर्ज सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या टेबलावर जात होता, आणि त्याच्याविरुद्धची तक्रारही.