तैलचित्रांतील गुरे आणि हवा

निसर्गचित्रात जनावर रंगविणे म्हणजे रंगवून पुऱ्या झालेल्या कुरणावर एखादी गाय आणून उभी करणे नव्हे; ज्या हवेने दूरची झाडी निळसर होते आणि क्षितिजाची रेषा विरघळते, तीच हवा त्या जनावराच्या पाठीवर, पोटाखाली आणि पायांमधून खेळली पाहिजे, हे सूत्र तैलरंगांत सिद्ध होण्यासाठी युरोपातील चित्रकारांची सुमारे दोन शतकांची साधना खर्ची पडली.

या परंपरेला खरा बहर आला तो सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये. पाणथळ, सपाट मुलूख, खाली उतरलेले क्षितिज, त्यावर पसरलेले अफाट आकाश आणि दुभत्या गुरांवर पोसलेली सुबत्ता, अशी सर्व सामग्री तेथे निसर्गानेच सिद्ध ठेवली होती. पाउलुस पॉटर याने १६४७ साली, वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच रंगविलेला, हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयातील जवळजवळ प्रत्यक्ष आकाराचा बैल पाहावा: कातडीवरील केसांची वळणे आणि भोवतालच्या माश्यादेखील त्याच्या नजरेतून सुटल्या नाहीत, परंतु बैल आणि मागचे उजळ कुरण यांच्यामधील हवा मात्र पुरती जुळलेली नाही. ती जुळविली डॉर्ड्रेख्तच्या आल्बर्ट कॉइपने. इटलीस गेल्याचा दाखला नसतानाही, तेथून परतलेल्या यान बोटसारख्या चित्रकारांपासून त्याने सोनेरी उन्हाचा धडा घेतला आणि नदीकाठी विसावलेल्या गाई त्या उन्हात न्हाऊ घातल्या.

फ्रान्समध्ये रोझा बॉनरने १८४९ साली निव्हर्नेतील नांगरणी रंगविताना बैलांच्या अंगयष्टीला आणि नुकत्याच उलथलेल्या ढेकळांना सारखाच मान दिला. मात्र १८४७ मध्ये हॉलंडला जाऊन पॉटर व कॉइप यांच्या कृती डोळ्यांखालून घातलेल्या कॉन्स्टां त्रॉयाँने १८५५ च्या आपल्या भव्य चित्रात नांगरणीस निघालेले बैल सूर्याला पाठीशी घेऊन थेट प्रेक्षकाकडे चालविले. त्यांच्या पाठींच्या कडा उजळतात, तोंडे व छाती सावलीत राहतात आणि लांबलेल्या सावल्या पुढच्या जमिनीवर उतरून त्या जड देहांना मातीशी बांधून टाकतात.

हे साधते ते तैलरंगांच्या मंद वाळणीमुळे, कारण कडा ओल्या असतानाच त्या पार्श्वभूमीत मिसळता येतात. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ करून द्यावेत, वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवीत न्यावे, आणि वाळलेल्या गडद रंगावरून सफेदामिश्रित रंगाचा कोरडा, विरळ हात फिरवून धुके उठवावे, असा या विद्येचा दस्तुर आहे. दूरच्या जनावराला काळा रंग देऊ नये. त्याची सावली आकाशाच्या रंगातूनच घ्यावी.

पॉटरचे निरीक्षण आणि कॉइपचा प्रकाश यांचा संगम त्रॉयाँच्या त्या चित्रात झाला, म्हणून या परंपरेत अव्वल स्थान मी त्यालाच देतो. आमच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी गुरांची शरीररचना अवश्य अभ्यासावी. पण कॅनव्हासवर आधी आकाशाचा प्रकाश निश्चित करावा आणि मगच बैलाला हात घालावा.