घंटा थांबली, आता तास तुमचा

१ मे. सकाळी झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तकांचं वाटप आणि मग पोरांचा एकच गलका, सुट्टी लागली रे! आपल्या गोंदिया जिल्ह्यात या तारखेला आणखी एक निमित्त असतं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. म्हणजे महाराष्ट्र दिन, कामगार दिन, जिल्ह्याचा वाढदिवस आणि जिल्हा परिषद शाळेचा निकाल, सगळं एकाच दिवशी.

मित्रांनो, तुमच्या उन्हाळी परीक्षेचे पेपर आटोपले असतील, नाहीतर दोन-चार राहिले असतील. गावी गेलात की त्या दोन खोल्यांच्या शाळेला कुलूप दिसेल. तुमच्यापैकी कित्येकांनी पहिली बाराखडी तिथेच गिरवली. त्या शाळेचं हे वर्ष कसं गेलं असेल, कधी विचार केलाय?

आपल्याकडे शाळेचं वर्ष धानाच्या वर्षाला धरून चालतं. जूनच्या शेवटी शाळा उघडते, की लगेच रोवणी. आई-बाबा दिवसभर बांधीत. मग चौथीतली ताई लहान भावाला सांभाळायला घरी राहते, नाहीतर त्याला कडेवर घेऊनच वर्गात येते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. रात्रभर नाटक बघितलेली पोरं दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर पेंगतात. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा. मार्च उजाडला की मोहफुलं पडायला लागतात आणि घरातले लहान-मोठे सगळे पहाटेच टोपली घेऊन निघतात. तोवर शाळाही सकाळची झालेली असते.

हे सगळं सांभाळून शिकवायचं असतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. वर्ग मात्र चार, कुठे पाच. एका बाजूला पहिलीचं 'क-ख', दुसऱ्या बाजूला दुसरीची बेरीज, मध्येच पोषण आहाराची नोंद आणि 'आजच्या आज पाठवा' म्हणून आलेली ऑनलाइन माहिती. तरीही जूनमध्ये अक्षर न ओळखणारं पोरगं एप्रिलमध्ये किराणा दुकानाची पाटी एक-एक अक्षर जोडत वाचून दाखवतं. प्रगतिपुस्तकात त्याची फक्त एक श्रेणी होते. पण शाळेची वर्षभराची कमाई म्हणतात ती हीच.

आता प्रश्न असा आहे, की ही कमाई जूनपर्यंत टिकणार का?

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे. म्हणजे जवळपास आठ आठवडे. नुकतं वाचायला लागलेल्या मुलाने तेवढे दिवस पुस्तक हातात धरलंच नाही, तर गाडी मागे येते. कोरोनात हे आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलं. शाळा बंद राहिल्याने मागच्या इयत्तेचंच राहून गेलं, म्हणून राज्याला जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणावा लागला. उन्हाळ्याची सुट्टी तेवढी मोठी नाही, पण ती दरवर्षी येते.

आपल्या जिल्ह्यात भाषेचीही एक गोष्ट आहे. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी गोंडी, कुठे छत्तीसगढी, कुठे हिंदी. अशा पोराची पुस्तकी मराठीशी गाठ पडते ती मुख्यतः शाळेतच. शाळा बंद, की ती मराठीही बंद.

शाळेतली चूलही थांबते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचे १०० ग्रॅम तांदूळ धरलेले असतात. सुट्टीत ते ताट नसतं. आणि जी ताई वर्षभर ही खिचडी शिजवते, तिचं मानधन केंद्राच्या नियमाने वर्षातल्या १० महिन्यांचंच. तिच्यासाठी सुट्टी म्हणजे बिनपगारी महिने.

त्यात पटाची टांगती तलवार. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त आहेत. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विषय निघाला आणि त्याला बराच विरोधही झाला. चौथीची सहा पोरं निरोप घेऊन गेली आणि जूनमध्ये पहिलीला दोनच आली, तर अशा गावात चर्चा सुरू होते. पाचवीपर्यंतच्या मुलांना १ किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं कायदा सांगतो. पण गावाने शाळा आपली मानली नाही, तर ती वाचवायला पुढे कोण येणार?

इथे तुमचं काम सुरू होतं. शिक्षकांची रिकामी पदं भरणं हे सरकारचंच काम आहे, ते तुम्ही अंगावर घेऊ नका. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी बाहेरून बदलून आलेल्या गुरुजींकडे नसते. तुम्ही त्या पोरांच्या घरची बोली बोलता आणि पुस्तकातली मराठीही.

करायचं काय? रोज एक तास, आठ-दहा पोरं, चिंचेखाली किंवा समाजमंदिरात. मेमध्ये तेंदूपत्त्याचं काम असेल, तर सकाळी निम्मी पोरं जंगलात असतात. तिथे संध्याकाळची वेळ धरा. आधी प्रत्येकाला कुठपर्यंत येतं ते बघा. २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात साधी पद्धत आहे: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. या सर्वेक्षणाला घरोघरी जाणारे तुमच्यासारखेच कॉलेजचे स्वयंसेवक असतात. जो जिथे अडकला, तिथून सुरू करा. गोष्ट आधी पोवारीत किंवा गोंडीत सांगा, मग तीच मराठीत वाचा. पुस्तकं नाहीत म्हणू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि १९७१ पासूनच्या 'किशोर' मासिकाचे अंक मोबाइलवर फुकट मिळतात. गणितासाठी तेंदूचे पुडे आहेतच. एका पुड्यात पानं किती, शंभर पुड्यांचे पैसे किती, पोरं तुमच्याआधी उत्तर देतील.

पहिलीत जाणाऱ्यांसाठी २०२२ पासून शाळापूर्व तयारी मेळावे होतात. एक एप्रिलमध्ये, दुसरा शाळा उघडताना. मधल्या काळात आयांनी घरी मुलांचा सराव घ्यायचा असतो. गावातल्या माता गटाला त्यात मदत करा. पहिलीचा पट तिथूनच वाढतो.

दोन गोष्टी मात्र टाळा. परीक्षा घेऊ नका आणि पहिल्याच दिवशी फोटो टाकू नका. पोरांना सुट्टी हवी असते. विहिरीवर पोहायला, आंब्याखाली दगड मारायला त्यांना वेळ राहिलाच पाहिजे. तुमचा तास त्यांना खेळासारखा वाटला, तरच ती दुसऱ्या दिवशी येतील.

पहिलं काम आजच करता येईल. गुरुजींचा नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा नंबर मिळवा, फोन लावा आणि एवढंच विचारा: "गुरुजी, आपल्या शाळेतल्या कोणत्या पोरांना अजून वाचायला जमत नाही?" नावं त्यांना तोंडपाठ असतात.