कुंपणासाठी खिळ्यांची गन घेताना

गेल्या महिन्यात तीन गटांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, कुंपणाच्या कामाला खिळे मारायचं मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?" हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्याच गटाला पडला होता आणि आम्ही सपशेल चुकलो होतो. तर आधी ते सांगते.

आमच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे. कंपन्यांत मालाखाली येणारी लाकडी पॅलेटं भंगारात स्वस्त मिळतात. ती उचकटून, फळ्या काढून, गटातल्या सहा जणी शेळ्यांच्या वाड्याचं आणि परसबागेचं कुंपण करून देतात. हातोडीनं दिवसभर खिळे ठोकले की रात्री भाकरी थापताना मनगट वळत नसे. म्हणून गटात ठराव केला, तालुक्याला गेलो आणि दुकानदारानं दाखवली ती पिनगन घेऊन आलो. "सगळे सुतार हीच वापरतात," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. फक्त सुतार ती फर्निचरच्या पट्ट्या बसवायला वापरतात, हे ना आम्ही विचारलं, ना त्यानं सांगितलं.

पहिल्या दिवशी काय कौतुक! टक् टक् टक्, दोन दिवसांचं काम एका दिवसात. पंधरा दिवसांनी एका ताईंचा फोन आला. शेळ्यांनी अंग घासून घासून फळ्या सैल केल्या होत्या, दोन शेळ्या शेजाऱ्यांच्या कांद्याच्या रोपात शिरल्या होत्या. रोपाची भरपाई गटाच्या बचतीतून गेली, कुंपण पुन्हा फुकट ठोकून द्यावं लागलं. आणि "बायकांनी केलेलं काम" हे ऐकावं लागलं, ते सगळ्यात जास्त लागलं.

चूक कुठे झाली, याचा हिशोब अगदी सोपा आहे. पॅलेटची फळी साधारण पाऊण इंच, म्हणजे सहा सूत, म्हणजे १९ मिलिमीटर जाड. आमची पिनगन होती एफ-३०. तिच्यात मोठ्यात मोठी पिन बसते ३० मिलिमीटरची. ३० मधून फळीचे १९ गेले, खांबात शिरले फक्त ११. करंगळीच्या नखाएवढे! त्यात पिनेची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर आणि डोकं जवळजवळ नाहीच. डोकं नसलं की फळी पिनेवरून अलगद सुटून येते. फर्निचरमध्ये फळी फेविकॉलनं चिकटलेली असते, पिन तिला सुकेपर्यंत नुसती धरून ठेवते. कुंपणात सगळा भार खिळ्यावर.

म्हणून मशीन बघायच्या आधी फळी मोजा. फळीच्या जाडीच्या तिप्पट खिळा, हा जुन्या सुतारांचा हिशोब. एक हिस्सा फळीत, दोन हिस्से खांबात. १९ ची फळी असेल तर ५७ चा खिळा, म्हणजे सव्वादोन इंच. आता दुकानात जाऊन "कॉइल नेलर" मागायचा. यात खिळे तारेनं एकमेकांना जोडून गुंडाळी केलेले असतात, एका गुंडाळीत दोन-तीनशे खिळे येतात. पॅलेट बनवणारे कारखाने हेच मशीन वापरतात. त्यावर सीएन-५५ लिहिलेलं असेल तर त्यात २५ ते ५७ मिलिमीटरचा खिळा बसतो, म्हणजे आपल्या पाऊण इंची फळीला बरोबर पुरतो. फळी पूर्ण इंचाची असेल तर ७५ चा खिळा लागेल आणि मग सीएन-८० कडे जावं लागतं. ते मशीन बरंच जड आहे. मी स्वतः ते उचलून बघितलंय, दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. आपलं काम पाऊण इंचात भागत असेल तर उगीच मोठ्याच्या मागे लागू नका. घेणारीनं नाही, वापरणारीनं दुकानात जावं, मशीन छातीच्या उंचीला धरून बघावं. मूठ हातात मावते का, ट्रिगरपर्यंत बोट पोचतं का, हे दुसऱ्या कुणाला कळणार?

खिळेसुद्धा बघून घ्या. साधा चकचकीत खिळा एका पावसाळ्यात गंजतो आणि फळीवर काळे ओघळ येतात. बाहेरच्या कामाला जस्ताचा मुलामा दिलेला, जीआय खिळा घ्यावा. अंगावर पेच किंवा वळी असलेला मिळाला तर फारच छान, तो गुळगुळीत खिळ्यासारखा मागे सरकत नाही. एक मात्र आहे. आपल्याकडच्या वाळलेल्या बाभळीच्या डांबापुढे गनचाही खिळा वाकतो. तिथे ड्रिलनं बारीक भोक पाडून हातानंच ठोकायचा. निलगिरीच्या वाळलेल्या बल्लीला टोकाजवळ खिळा मारला तर ती चिरते, तिथेही आधी भोक.

आता वाऱ्याचं. ही गन हवेच्या दाबावर चालते, म्हणून कॉम्प्रेसर लागतो. लहान टाकीवर काम होतं, पण चार खिळे मारा आणि थांबा असं. दोन एचपीची मोटर आणि ५० लिटरची टाकी असली की हात थांबत नाही. पण कॉम्प्रेसरला वीज हवी आणि शेताच्या बांधावर ती कुठली! आम्ही यावर तोड काढली. सहा-सहा फुटांच्या चौकटी गटाच्या शेडमध्येच गनने ठोकून तयार करतो, टेम्पोतून नेतो आणि शेतात नुसत्या खांबांना नट-बोल्टनं आवळतो. बॅटरीवर चालणाऱ्या गनही निघाल्या आहेत, त्यांना नळी लागत नाही. पण त्या महाग, वजनाला जड, आणि बॅटरी गेली की तालुक्याला मिळेलच असं नाही. गटाला मी अजून तरी ती सुचवणार नाही.

हे नीट ऐका, कारण ही गन आहे, खेळणं नाही. काही मशीनमध्ये ट्रिगर दाबून धरला की नाक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. काम पटपट होतं, पण हातातली गन चुकून मांडीला टेकली तर? दुसऱ्या प्रकारात आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर, आणि प्रत्येक खिळ्याला ट्रिगर नव्यानं दाबायचा. दुकानदाराला फळकुटावर चालवून दाखवायला लावा आणि हाच प्रकार घ्या. फळी धरलेला हात खिळ्यापासून वीतभर नव्हे, हातभर लांब ठेवा. गाठ आली की खिळा आत वाकून भलतीकडून बाहेर येतो. पॅलेटमध्ये मोडलेले जुने खिळे राहतात, त्यावर नवा आपटला तर उडतो. म्हणून जुने आधी उपटायचे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. खिळा अडकला तर आधी हवेची नळी काढायची, मग आत बघायचं. पदर, ओढणी कमरेला खोचलेली. आमच्या शेडमध्ये पोरांना रेघ आखून दिली आहे, तिच्या आत यायचं नाही.

पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाचा. इंग्रजीत एचटी असेल तर ते लाकूड नुसतं तापवून किडीपासून निर्धोक केलेलं असतं. एमबी असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते. शेळ्या फळ्या चावतात, म्हणून एमबीची आम्ही घेत नाही. आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, हे कुंपण शेळी आत ठेवायला आहे, बिबट्या बाहेर ठेवायला नाही. रात्री शेळ्या वरून जाळी असलेल्या गोठ्यातच बांधा.

देखभाल थोडीच आहे. सकाळी हवेच्या तोंडात मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचं. हे काम आमच्यात वारानं वाटलेलं आहे, भिंतीवर नावं लिहिली आहेत.

आपल्या एका श्रोत्या ताईंनी विचारलंय, "आमचे खांब सिमेंटचे आहेत आणि चेनलिंकची जाळी लावायची आहे, तर कोणती गन घेऊ?" ताई, कोणतीच नको. त्या कामाला बांधायची तार, पक्कड आणि तार ताणायचं यंत्र लागतं. सिमेंटच्या खांबात खिळा मारला तर खांब तडकतो. गनचे पैसे बचतीतच राहू द्या.