विश्लेषण : क्युबन साल्सात गिरकीआधी चालणे का शिकावे लागते?

मुंबई-पुण्यात साल्साचे वर्ग आणि त्यानंतरचे ‘सोशल’ आता नवे राहिलेले नाहीत. तीन-चार महिने वर्गात घालवलेला नर्तक पहिल्यांदा अशा सोशलमध्ये उतरतो, तेव्हा बहुधा एकच तक्रार घेऊन परततो. वर्गात सहज जमणारी गिरकी अनोळखी जोडीदाराबरोबर जमलीच नाही. मग दोष जोडीदाराला दिला जातो, नाहीतर गर्दीला. क्युबन साल्सापुरते बोलायचे तर हातांनी केलेल्या करामतींपेक्षा पायांकडे पाहिल्यास कारण लवकर सापडते.

क्युबात याला साल्सा म्हणतात का?

नाही. तिथे या जोडीनृत्याचे नाव ‘कासिनो’. जुगाराशी त्याचा संबंध नाही. १९५०च्या दशकात हवानातील ‘कासिनो देपोर्तिवो’सारख्या क्लबांच्या सभागृहांत तरुण जोड्या सोन, दान्सोन आणि चा-चा-चा यांच्या पावलांची मिसळ करून नाचू लागल्या, त्यावरून हे नाव पडले. ‘साल्सा’ हे लेबल न्यूयॉर्कच्या संगीत बाजारात रुळले आणि तिथून जगभर गेले.

न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या शैलीत जोडी एका सरळ पट्ट्यात पुढे-मागे सरकते. कासिनोत मात्र दोघे एका अदृश्य केंद्राभोवती फिरत राहतात. फुगडी घातलेल्यांना हे फिरणे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एकच, पण मोठा. फुगडीत दोघी मागे झुकून एकमेकींचे वजन पेलतात. कासिनोत प्रत्येकाचे वजन स्वतःच्याच पायावर असते. हातातला हात सूचना देण्यासाठी असतो, लटकण्यासाठी नाही.

पावलांचे गणित काय?

मोजणी आठाची, आपल्या केरव्याच्या मात्रांइतकीच. पाऊल पडते १, २, ३ आणि ५, ६, ७ वर. ४ आणि ८ वर नवे पाऊल पडत नाही. पण शरीर थिजलेलेही नसते. आधीच्या पावलावर आलेले वजन तेवढ्या वेळात पूर्ण बसते. नवशिक्याला ही जागा रिकामी वाटते आणि तो पुढच्या एकवर उडी घेतो. गंमत अशी, की कोंगाच्या नेहमीच्या ठेक्यातले खुले, घुमणारे ठोके नेमके याच ४ आणि ८ वर येतात. पाय गप्प असतात तेव्हा कोंगा बोलत असतो.

जुन्या सोनमध्ये पावले २, ३, ४ आणि ६, ७, ८ वर पडतात. त्याला ‘कोन्त्रातिएम्पो’ म्हणतात. काही नर्तक आजही तसेच नाचतात, काही जण गाण्याच्या मध्येच एका पद्धतीतून दुसरीत जातात. अशा वेळी ‘माझी मोजणी बरोबर’ असा हट्ट उपयोगाचा नसतो. कुणातरी एकाने अर्धे पाऊल थांबून दुसऱ्याच्या मोजणीत शिरायचे असते.

लहान पावलाचा एवढा आग्रह कशासाठी?

मिनिटाला १८० ठोक्यांचे गाणे असेल तर एका पावलाला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो. लांब टांग टाकली की वजन त्या पायावर पोहोचायच्या आतच पुढचा ठोका येतो. ‘ग्वापेआ’ या मूळ पावलात दोघेही एकवर मागे जातात आणि ५-६-७ वर पुन्हा जवळ येतात. इथेच बहुतेकांची गडबड होते. मागचे पाऊल मोठे पडते, धड पायामागे ओढले जाते, हात ताणला जातो आणि पाचवर परतायला उशीर होतो. तो भरून काढायला जोडीदाराला खेचले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा हातांचा दोष वाटतो, प्रत्यक्षात तो पावलाच्या लांबीतून आलेला असतो.

म्हणून पाऊल कमरेखालीच टाकायचे, गुडघे सैल ठेवायचे. कंबर हलवण्याचे वेगळे शिक्षण लागत नाही. गुडघा वाकतो, वजन बदलते आणि कंबर आपोआप हलते. ती मुद्दाम हलवणारे लगेच ओळखू येतात.

जोडीदारागणिक काय बदलायचे?

सूचना देणारा तो लीडर, ती घेणारा फॉलोअर. पहिला पुरुष आणि दुसरी स्त्री हा प्रघात आहे, नियम नाही. ‘दिले के नो’मध्ये लीडर दार उघडावे तसा बाजूला होतो आणि फॉलोअर त्याच्या समोरून चालत पलीकडे जाते. चालत, हा शब्द महत्त्वाचा. तिला ओढायचे नसते, वाट मोकळी करून द्यायची असते. जोडीदाराची पावले लहान असतील तर लीडरने आपले वर्तुळ आवळायचे. ती उंच, लांब टांगांची असेल तर अधिक बाजूला व्हायचे. ‘एंचुफ्ला’त दोघे जागा बदलतात. तिथे लीडर वेळेत हलला नाही, तर फॉलोअर कितीही कुशल असली तरी त्याच्यावर आदळणारच.

सूचना एकवर देऊन उपयोग नसतो, तोवर तिचे पाऊल उचललेले असते. ती आठवर, त्या ‘रिकाम्या’ जागेत पोहोचायला हवी. फॉलोअरने ती येईपर्यंत थांबायचे असते, आणि हे सर्वांत अवघड. सरावातल्या ओळखीच्या जोडीदाराबरोबर पुढची आकृती पाठ झालेली असते, त्यामुळे सूचनेशिवायही सारे जमून जाते. अनोळखी माणसासमोर हे उसने कौशल्य उघडे पडते.

प्रश्न फक्त शोभेचा नाही. ‘सेतेन्ता’त फॉलोअरचा हात पाठीमागे जातो. तिचा खांदा आखडलेला असेल आणि लीडरने बोटे घट्ट आवळून हात वर रेटला, तर दुखापत होऊ शकते. हात कमरेच्या पातळीवर ठेवायचा, अंगठ्याने पकडायचे नाही, अडथळा जाणवला की आकृती तिथेच सोडून द्यायची. कसलेले नर्तक नव्या जोडीदाराबरोबर पहिले मिनिटभर ग्वापेआ आणि दिले के नोपलीकडे जात नाहीत. समोरच्याचे पाऊल किती, तोल कसा, हे त्यात कळते. अशा नाचाला कंटाळवाणे समजणारे थोडे नाहीत. पण समोरच्याला न पेलणाऱ्या दहा आकृत्यांपेक्षा हे केव्हाही बरे.

जोडीदार बदलण्याची सवय क्युबात कशी लागली?

‘रुएदा दे कासिनो’मुळे. जोड्या गोल करून उभ्या राहतात, एक जण आकृतीचे नाव पुकारतो आणि सगळे ती एकाच वेळी करतात. ‘दामे’ असा पुकारा झाला की लीडर पुढच्या फॉलोअरकडे जातो. काही ठोक्यांत नवा हात, नवी उंची, नवा तोल. एकाने मोठी टांग टाकली की सगळा गोल फाटतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘पारा बाइलार’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने कासिनोला क्युबात नव्याने लोकप्रिय केले.

पुढे तिम्बा संगीत आले तशी आणखी एक सवय रुळली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या लोस व्हान व्हानसारख्या वाद्यवृंदांच्या गाण्यांत ताल मध्येच फुटतो. तेव्हा जोडी हात सोडून देते आणि दोघे समोरासमोर आपापले नाचतात. त्यात रुम्बाच्या हालचाली येतात; त्या रुम्बाला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. वर्गात आकृत्याच पाठ केलेला नर्तक इथे गोंधळतो, कारण धरायला हात नसतो आणि पुकारायला कुणी नसते. कासिनोत मुरलेला माणूस मात्र पायांत मोजणी चालू ठेवतो. ताल सावरला की लीडर हात पुढे करतो. जोडीदाराने तो घेतला नाही, तर पुढची आठ मोजेपर्यंत हाताविनाच ग्वापेआ सुरू राहतो.